हारुनमियांचे नागोबा

हारुनमियां सापाला जितके भीत तितके नाशकात दुसरे कोणी भीत नसेल. विहिरीवरचा दोर सरळ पडलेला असला तर ते त्याला वळसा घालून जात, आणि वेटोळे घालून पडलेला असला तर विहिरीवरच जात नसत. सापाचे नाव ते तोंडातून काढत नसत. बोलणे टाळताच आले नाही तर हळूच ‘वो साहेब’ म्हणत आणि म्हणताना पायाखाली बघून घेत.

अशा माणसाच्या दारात एका नागपंचमीला अर्धी पंचवटी दुधाचे तांबे घेऊन उभी राहिली. ते कसे झाले याच्या पुष्कळ गोष्टी गावात सांगतात आणि त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. मी तिथे होतो. त्या वेळी मी एका हायस्कुलात सृष्टिज्ञान शिकवत असे आणि हारुनमियांकडचा गुलकंद मला फार आवडे. या भानगडीत मी शिरलो तो विज्ञानासाठी, असे मी हेडमास्तरांना सांगितले होते.

नाशिकचे एके काळचे नाव गुलशनाबाद. हे हारुनमियां दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवत. नाव त्यांच्या आजोबांनी ठेवले नव्हते, पण तपोवनाच्या वाटेवरची गुलाबाची बाग मात्र आजोबांनीच लावली होती. झाडे गावठी गुलाबाची. फूल लहान, रंग फिका, पाकळ्या भरपूर, आणि वास असा की सकाळी टोपलीजवळून गेलेल्या माणसाला दुपारी जेवताना त्याची आठवण यावी. पहिली टोपली जाई वत्सलाबाईंच्या देवघरात, कारण जमीन त्यांची. दुसरी हारवाल्यांकडे, म्हणजे देवळांत. गुरुवारी एक टोपली दर्ग्यावर. उरलेल्या फुलांचा मेहरुन्निसाभाभी गुलकंद घालत.

भाभी म्हणजे हारुनमियांच्या पत्नी. त्या पडदा पाळत. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा पाहिला नाही. दाराच्या पडद्याआडून येणारा आवाज आणि कधीमधी चहाचा कप पुढे करणारा हात, एवढीच आमची ओळख. पण आवाज असा खणखणीत होता की बाकी कशाची उणीव भासत नसे.

तर त्या बागेत एका भाद्रपदात हुमणी लागली. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची. जमिनीत राहते आणि मुळे खाते. वर झाड हिरवेगार दिसते आणि एके दिवशी मान टाकते. उपटायला जावे तर नुसते हातात येते, खाली मुळेच नसतात. हारुनमियांनी निंबोळीची पेंड घातली, राख घातली. दर्ग्यावरून ताईत आणून एका झाडाला बांधला. हे कळताच वत्सलाबाईंनी अंगारा पाठवला, तोही शेजारच्या झाडाला लावला. हुमणीने दोन्हींचा मान सारखाच राखला, म्हणजे दोन्ही झाडे खाल्ली.

वत्सलाबाई पंचवटीतल्या जुन्या घराण्यातल्या विधवा बाई. बोलणे थोडे, पण एकदा बोलल्या की बोलल्या. त्यांचा पुण्याचा पुतण्या लखनौच्या पेरूचे गुणगान करीत त्यांच्या कानाशी बसलाच होता. त्यांनी हारुनमियांना बोलावून सांगितले, “हारुन, पुढच्या चातुर्मासात मला विष्णूला गुलाबाच्या पाकळ्यांची लाखोली वाहायची आहे. पाकळ्या पुरल्या तर बाग तुझी. पुढच्या दसऱ्यापर्यंत सावरली नाही, तर त्याच मुहूर्तावर सगळं उपटून पेरूचे खड्डे घेणार. मग पेरू राख हवा तर.”

हारुनमियां तिथून तडक माझ्याकडे आले आणि ओटीवर बसून ढसाढसा रडले. पन्नाशीचा माणूस. मला काय करावे कळेना म्हणून मी पाणी दिले.

“मास्तर,” ते म्हणाले, “मला पेरू येत नाही. गुलाब सोडून मला दुसरं काहीच येत नाही.”

हे खरेच होते. त्यांना बाजारहाटही येत नसे. माणसे ओळखायची तर ती ते वासावरून ओळखत. पेरूच्या बागेत हा माणूस महिनाभरसुद्धा जगला नसता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

चार दिवसांनी ते परत आले. हातात गुलकंदाच्या बरणीचे झाकण आणि झाकणात एक मेलेली हुमणी. मेलेली हुमणी काळी पडते, सडते, घाण सुटते. ही मात्र तपकिरी, चामड्यासारखी होती आणि सडली नव्हती. “हुंगून बघा,” हारुनमियां म्हणाले. मी नाही हुंगली. त्यांनी हुंगली होती, ते काहीही हुंगत. “वास नाही, मास्तर. ही हुमणी साधी मेलेली नाही, तिला कोणीतरी मारलंय.”

मी एक बशी पालथी घातली, तिच्यावर ओला टीपकागद ठेवला, कागदावर अळी ठेवली आणि बशीभोवती ताटात पाणी ओतले. पुढच्या आठवड्यात अळीच्या अंगातून पांढरे, केसाहून बारीक धागे बाहेर पडू लागले आणि ओल्या कागदावरून पाण्यात उतरू लागले. मी चिमूटभर ओली माती घेऊन तिच्यावर त्यातले थोडे सोडले आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले. या यंत्राचा एक स्क्रू मी सुतळीने बांधलेला होता, पण दिसे चांगले. धागे शेपटीवर उभे होते. डोके वर, अंग ताठ, आणि सावकाश इकडून तिकडे डुलत होते.

“बघा,” मी हारुनमियांना म्हणालो.

त्यांनी डोळा लावला. मग ते खोलीबाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर चढून उभे राहिले.

“वो साहेब!” ते वरूनच म्हणाले. “किती आहेत?”

“असतील काही हजार.”

ते बाकावरच मटकन बसले.

मी त्यांना समजावले. हे साप नव्हेत, सूत्रकृमी. हे हुमणीच्या अंगात शिरतात, तिला मारतात, तिच्यातच वाढतात आणि तिला संपवून दुसरी शोधायला बाहेर पडतात. माणसाला काही करत नाहीत, गुलाबालाही नाही. अमेरिकेत एका भुंगेऱ्यावर असाच प्रयोग चालला आहे, असे मी एका मासिकात वाचले होते. वाचले होते म्हणजे अर्धे वाचले होते, कारण पुढचे पान कोणीतरी फाडून नेले होते. त्यामुळे पुढचे सगळे आम्हालाच ठरवावे लागले.

पहिली अडचण अशी की थंडी सरता सरता हुमणी जमिनीत खोल जाते आणि मग भुंगेरा होते. उन्हाळ्यात अळी मिळणार नाही. अळी नाही तर धागे उपाशी मरणार. म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना जगवायचे तर हुमणीच्या बदली दुसरी कोणती तरी अळी खाऊ घालायला हवी होती. आम्ही रव्यातल्या अळ्या दिल्या. त्या इतक्या लहान की धाग्यांचे पोट भरेना. वांग्यातली दिली, ती आधीच सडून गेली. हरभऱ्यातली दिली, तिच्यावर काही दिवस भागले, पण हरभरा सरला की तीही सरणार होती.

तेव्हा पेठहून मंगळू आला. मंगळू दरवर्षी डोंगरातून मध आणि मेण घेऊन उतरे. भाभी गुलकंदात थोडा मध घालत, म्हणून तो या दारी येई. त्याच्याकडच्या जुन्या पोळ्यांमध्ये मेणकिडा लागला होता. मेण पोखरणाऱ्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या. ती पोळी तो ओढ्यात टाकायला निघाला होता.

“टाकू नको!” हारुनमियां ओरडले. “मला किडे पाहिजेत.”

“मध नको आन किडं पायजेत?” मंगळू म्हणाला. त्याने जरा विचार केला. “बरं. भाजून खा, वरून मीठ टाका. पर त्यापरीस मधमाशीचं पिल्लू लय ग्वाड लागतं.”

“खायला नकोत. पाळायला पाहिजेत.”

मंगळूने माझ्याकडे पाहिले. “मास्तर, यांच्या घरात मोठं मानूस कोन हाय का?”

पडद्याआडून भाभींचा आवाज आला, “मैं हूँ. पण माझं ऐकतंय कोण?”

त्या वर्षी त्या घरात जे चालले ते मी डोळ्यांनी पाहिले नसते तर मीही विश्वास ठेवला नसता. गुलकंदाच्या बरण्या फळीवरून खाली आल्या आणि फळीवर मेणकिड्यांच्या बरण्या चढल्या. तोंडाला फडके बांधलेले, आत गव्हाचा कोंडा, मेण आणि मध. अळ्यांना ऊब लागते म्हणून फळी चुलीच्या वर. घरात चहा गुळाचा होई आणि मध किड्यांना जाई. भाभी ज्या शिव्या देत त्या मोजल्या असत्या तर वत्सलाबाईंच्या आधी त्यांचीच लाखोली पुरी झाली असती.

“मास्तर, एक सांगा,” त्या एकदा पडद्याआडून म्हणाल्या. “जमिनीतला किडा मारायचा म्हणून बशीतला किडा पाळायचा. बशीतल्या किड्याला खायला चुलीवरचा किडा. आणि चुलीवरच्या किड्याला मी मध खिलवायचा. बरोबर?”

“बरोबर. यालाच शास्त्र म्हणतात.”

“मग तुमच्या शाळेत पोरं नापास होतात ती उगाच नाही.”

हारुनमियां मात्र रमले. मेणकिड्यांची अळी लठ्ठ झाली की त्यांना भरून येई. ती धाग्यांच्या बशीत सोडायची वेळ आली की ते तोंड फिरवत आणि म्हणत, “माफ कर, बेटा. गुलाबासाठी आहे.” दोन-तीन दिवसांत अळी मरे, पुढे तिच्यातून नवे धागे निघत, ते नव्या अळीवर. ज्यांच्याकडे बघून ते बाकावर चढले होते, त्याच धाग्यांना ते आता सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत होते. फक्त सूक्ष्मदर्शकातून पुन्हा कधी पाहिले नाही. “नुसत्या डोळ्यांना दोरा दिसतो, तेवढंच बरं,” ते म्हणत.

घोटाळा केला तो भिमाबाईने. भिमाबाई बागेतली खुरपणी करी, आळी खणी आणि उरल्या वेळात हार गुंफी. एकदा मी सूक्ष्मदर्शक बागेत आणला होता तेव्हा तिने हट्टाने डोळा लावला, आणि लावला तशी मागे झाली.

“अगं बया! नागाची पिल्लं! फना काढून डुलत्यात की!”

तिने वहाणा काढल्या, बशीला हात जोडले आणि कामावर गेली. संध्याकाळपर्यंत पंचवटीत सगळ्यांना कळले होते की हारुनमियांच्या घरात हजारो नागोबा वाढताहेत आणि मास्तर त्यांना शाळेच्या यंत्रातून ओवाळतात. मी प्रत्येकाला अडवून समजावले. गावात साप साप म्हणून भुई धोपटणारे पुष्कळ असतात. इथे मी एकटाच ‘साप नाही, साप नाही’ म्हणून धोपटत होतो.

वत्सलाबाईंनी मला बोलावून घेतले.

“मास्तर, ते सरपटतात का?”

“हो, पण—”

“पाय आहेत?”

“नाहीत.”

“डोकं वर काढून डुलतात?”

“डुलतात, पण बाई, ते केसाहून बारीक—”

“नागोबा लहान असला म्हणून नागोबा नव्हे, असं कुठल्या पुस्तकात आहे?”

असे कुठल्याच पुस्तकात नव्हते. मी चहा घेऊन परत आलो.

श्रावण आला. पाऊस झाला होता, माती ओली होती, हुमण्या पुन्हा मुळांशी आल्या होत्या. वत्सलाबाईंची लाखोली सुरू झाली होती आणि पाकळ्या आताच कमी पडत होत्या. मी ठरवले की उद्या धागे सोडायचे. सगळ्या बश्यांतले पाणी एका मोठ्या माठात एकत्र केले. सकाळी भिमाबाईने झाडांची आळी खणायची आणि मी मापाने ओतायचे. उद्या काय आहे हे पंचांगात पाहायचे मला सुचले नाही. पंचांग न पाहणे हा माझा बाणा होता. हारुनमियांना ठाऊक होते, पण ते बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मला वाटलं मास्तरांनी मुहूर्त काढला असेल.”

उद्या नागपंचमी होती.

सकाळी हारुनमियां देवळांत फुले पोचवायला गेले. परतताना मला घेऊन बागेतल्या आपल्या घराशी आले तर दारात बायकांची रांग. नव्या साड्या, मेंदीचे हात, तांब्यांत दूध, ताटांत लाह्या आणि आघाड्याची पाने. माठाला हळदकुंकू लावलेले. माठ काठोकाठ भरलेला आणि आत पांढरेशुभ्र दूध, वर लाह्या तरंगताहेत. दाराशी वत्सलाबाईंची बैलांची दमणी उभी आणि त्या स्वतः चांदीची वाटी घेऊन आत.

“भाभी!” मी ओरडलो. “हे तुम्ही होऊ कसं दिलंत?”

 पडद्याआडून भाभी म्हणाल्या, “वर्षभर माझ्या चुलीपाशी जे चाललं, त्याला आज पहिल्यांदा कोणी चांगलं म्हटलं, मास्तर. दारात येऊन हात जोडले. मी त्यांना परत पाठवू?”

 दूध दुपारपर्यंत नासणार होते आणि दुधात आमचे सगळे धागे गुदमरून मरणार होते. बश्या रिकाम्या होत्या. दुसरा साठा नव्हता. हे मी हारुनमियांना सांगितले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“आत्ताच्या आत्ता जमिनीत घालायला हवे,” मी म्हणालो. “भिमाबाई, कुदळ घे.”

भिमाबाईने दोन्ही हात मागे घेतले. “आज? आज आमी चुलीवर तवा ठेवत नाय, इळीला हात लावत नाय, आन तुमी कुदळ मारा म्हनता? नागाला लागंल.”

मी स्वतः कुदळ उचलली.

“मास्तर,” वत्सलाबाई म्हणाल्या, “माझ्या जमिनीत आज लोखंड जाणार नाही.”

मी कुदळ खाली ठेवली. संताप पुष्कळ होता, पण तेवढा नव्हता. विज्ञान शिकवणे निराळे आणि वत्सलाबाईंसमोर कुदळ मारणे निराळे.

तेव्हा हारुनमियां पुढे झाले. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. “बाईसाहेब,” ते म्हणाले, “हे साहेब लोक माठात गुदमरून मरतील. यांचं घर जमिनीत आहे. यांना घरी जाऊ द्या.”

वत्सलाबाईंनी माठाकडे पाहिले. “खरंच की,” त्या म्हणाल्या. “नागोबाची पूजा वारुळाशी करायची. माठात कोंडून कसली?” आणि त्यांनी आपली चांदीची वाटी माठात बुडवली, पहिल्या झाडाशी गेल्या आणि बुंध्यापाशी ओतली.

मग सगळ्याच बायका निघाल्या. तांबे, गडू, वाट्या, जे हातात होते ते माठात बुडवून एकेका झाडाशी. खणायचे नव्हते, नुसते ओतायचे होते, आणि वरून पावसाची भुरभुर लागली होती, त्यामुळे जे ओतले ते मुरत होते. मी कडेने धावत ओरडत होतो, “मुळाशी ओता! पानावर नको!” बायकांना वाटले हे पूजेतलेच काही आहे. त्याही मागून म्हणू लागल्या, “मुळाशी ओता, पानावर नको.” त्याला चालसुद्धा लागली. दूध संपले तशा त्यांनी उरलेल्या लाह्या बागभर उधळल्या. झाडाशी नमस्कार केला आणि जाताना भाभींनी पडद्याआडून दिलेला गुलकंद चाटून गेल्या. माझी आखणी, माझे माप, सगळे त्या दुधात गेले. यात शास्त्र किती होते ते मला विचारू नका.

गणपती उठल्यावर आम्ही चार ठिकाणी माती उकरून पाहिली. काही ठिकाणी तपकिरी, चामड्यासारख्या मेलेल्या हुमण्या मिळाल्या. हारुनमियांनी एक हुंगली आणि मला मिठी मारली. नदीकडच्या बाजूची झाडे सावरली, लालसर फूट आली, कळ्या धरल्या. पण भिंतीकडच्या बाजूला बायका पोचेपर्यंत माठ संपला होता. तिकडे झाडे जातच राहिली. शिवाय उधळलेल्या लाह्यांच्या वासाने उंदीर आले. त्यांनी भिंतीकडे बिळे केली आणि भाभींच्या बरण्यांची फडकी कुरतडली. एक पीडा अर्धी गेली तोवर दुसरी आली होती.

दसरा उजाडला. वत्सलाबाई दमणीतून आल्या. बरोबर पुतण्या, कुदळी घेतलेले मजूर आणि गाडीभर पेरूची कलमे. त्यांनी बागेत उभे राहून दोन्हीकडे पाहिले. इकडे फुले, तिकडे टक्कल. पाकळ्या रोज कमी पडतच होत्या.

“अर्धी सावरलीस, हारुन,” त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होते, ते दिसत होते. “पण अर्ध्या बागेवर लाखोली होत नाही. मी बोलले होते.”

 हारुनमियांनी जवळच्या झाडाच्या फांदीला हात लावला आणि काटा बोचला तरी हात काढला नाही.

पुतण्याने मजुरांना भिंतीकडून सुरुवात करायला सांगितले. पहिल्या मजुराने कुदळ उचलली आणि तशीच हवेत धरून तो मागे सरकू लागला. उंदराच्या बिळातून नाग वर आला होता. खरा नाग, मनगटाएवढा जाड. त्याने फणा काढला आणि सावकाश इकडून तिकडे डुलू लागला.

मजूर पळाले. भिमाबाईने तिथेच हात जोडले. पुतण्या मात्र पुण्याचा. “यात काय एवढं? एका फटक्याचं काम,” म्हणत त्याने गाडीचा दांडका उपसला आणि पुढे झाला.

पुढचे मी भिंतीवर चढून पाहिले, हे मान्य करतो. हारुनमियां धावले. आपण कुठे धावतो आहोत हे त्यांना कळत होते की नाही देव जाणे. ते पुतण्या आणि नाग यांच्या मधे जाऊन उभे राहिले, नागाकडे पाठ करून. पायजमा इतका थरथरत होता की मला भिंतीवरून दिसत होता.

“मारू नका,” ते म्हणाले. “हे साहेब... मेहमान आहेत माझे.”

दांडका वरच राहिला. त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर नाग डुलत होता. नाशकातला सगळ्यात भित्रा माणूस डोळे मिटून उभा होता. मला रडू आले. का आले ते मला आजही सांगता येणार नाही.

नागाने फणा मिटला आणि तो बिळात गेला.

“मास्तर,” हारुनमियांनी डोळे न उघडता विचारले, “गेले का?”

“गेले.”

ते बिळापासून चांगले लांब चालत गेले आणि मग खाली कोसळले.

वत्सलाबाईंनी तिथेच पदर पसरून बिळाला नमस्कार केला. “ज्याची जागा त्याने मागून घेतली,” त्या पुतण्याला म्हणाल्या. “पेरू परत ने. या बागेत यापुढे लोखंड मातीत जाणार नाही आणि बाग हारुनची.” उरलेली लाखोली त्यांनी तुळशीने पुरी केली. विष्णूने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

गावाला यात काहीच नवल वाटले नाही. वर्षभर बशीत वाढलेले पिल्लू मोठे झाले आणि वेळेवर उपयोगी पडले, इतका साधा त्यांचा हिशेब. मी लोकांना सांगत राहिलो की बायकांच्या लाह्यांवर उंदीर आले आणि उंदरांवर नाग आला. कोणी ऐकले नाही. वर्गातही ऐकत नाहीत, त्यामुळे मला सवय होती.

तेव्हापासून हारुनमियां लाकडी खुंटीने माती हलवतात. दर नागपंचमीला भाभी माठ भरून ठेवतात, आत धागे असतात, वर बायका दूध ओततात आणि बागेत नेऊन मुळाशी घालतात. पानावर नको, हे आता लहान मुलीसुद्धा म्हणतात. आता सुरुवात भिंतीकडून करतात, म्हणून तिकडेही हळूहळू झाडे धरली. मंगळू मेणकिड्यांची पोळी वेगळी बांधून आणतो आणि अजूनही मीठ टाकायला सांगतो.

आणि नाग बागेतच आहे. रोज पहाटे हारुनमियां फाटकाशी थांबतात, तीनदा टाळी वाजवतात आणि मोठ्याने म्हणतात, “साहेब, हारुन आया है. फुलं तोडतो आणि जातो.” मग थोडे थांबतात आणि टोपली घेऊन आत शिरतात.

परवा मी फाटकाशी होतो. टाळ्या वाजवून झाल्या तरी ते फाटकाची कडी धरूनच उभे होते.

“अजून भीती वाटते?” मी विचारले. “इतक्या वर्षांनी?”

“रोज वाटते, मास्तर,” ते म्हणाले. “पण जाणार कुठं? गुलाब तर आतच आहेत.”

मग त्यांनी पायाखाली बघितले आणि ते आत गेले.